भोंगा आता पुरा वाजतो

मन्मथ, आपला वाद मी जिंकले.

तुला सांगायला आधी हेच सुचलं, आणि याची मला लाज वाटत नाही. तू असतास तर तूच विचारलं असतंस, "बोला मास्तरीणबाई, शेवटी खरं कुणाचं निघालं?" माझं निघालं. टायमर लावायला हवा होता. चकरा मोजायला नको होत्या. इतकी वर्षं घसा कोरडा करून जे सांगत होते ते शब्दशः खरं ठरलं, आणि ज्याच्या तोंडावर ते फेकायचं तोच जागेवर नाही. या जिंकण्याचं मी आता काय करू?

लोक येतात, पाणी पितात, म्हणतात, "रेखाताई, स्वतःला दोष देऊ नका." मी कुठे देतेय? मी तुला देतेय. दिवसभर देतेय. नांदेडच्या वर्कशॉपमध्ये पॅनलच्या वायरी ओढताना, भाकरी थापताना, सिग्नलला स्कूटर थांबवून उभी असताना मी तुझ्याशी भांडत असते. आणि तू मध्ये बोलत नाहीस, हे पहिल्यांदाच होतंय. तू मध्ये बोलायचास म्हणून मी किती चिडायचे. आता माझं वाक्य पूर्ण होतं आणि पुढे काहीच येत नाही.

अप्पांना तू पीएलसी समजावून सांगितला होतास, तो दिवस सारखा आठवतो. चाकूरच्या तुमच्या घरी, ओसरीवर, ती छोटी करडी पेटी तू तुझ्या वडिलांच्या पुढ्यात ठेवलीस. अप्पांनी उभा जन्म तेलाच्या दुकानात काढलेला, त्यांच्या वडिलांचा तर घाणाच होता. तू म्हणालास, "अप्पा, ही पेटी आधी मिलमधली समदी बटनं, समदे सेन्सर बघून येती. मग मी लिहिलेला प्रोग्रॅम वरून खालपतुर वाचती. मग कोन्ती मोटर चालू, कोन्ती बंद, ते करती. अन् पुन्ना पहिल्यापासून. दिवसभर हेच." अप्पांनी पेटी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "म्हंजे घान्याचा बैल हाय म्हन की." तू मांडीवर थाप मारलीस. "हाव! अन् मी त्या बैलाच्या चकरा मोजतो." पुस्तकात त्या एका फेरीला स्कॅन म्हणतात आणि फेऱ्या मोजणाऱ्या आकड्याला स्कॅन काउंटर. आपल्या दोघांत मात्र त्या दिवसापासून बैल आणि चक्कर हेच शब्द राहिले.

त्या मोजण्याची सुरुवात उदगीरला झाली, ते तुला आठवत असेल. आठवत असेल, असं लिहून गेले बघ. पॉलिटेक्निकमधून बाहेर पडून आपण दोघांनी भागीदारीत घेतलेलं ते पहिलंच काम. डाळमिलचं पॅनल. पीएलसी जुना, कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून आलेला, त्यात टायमर मोजकेच, आणि ते सगळे वापरून झालेले. काम संपत आलं तेव्हा शेठजी म्हणाले, मोटरी सुरू होण्याआधी भोंगा पाहिजे. बरोबर होतं त्यांचं. तुरी उचलणाऱ्या एलेव्हेटरच्या तळाशी खड्डा असतो, तिथे माणूस उतरून काम करतो, वरच्या केबिनमधून तो दिसत नाही. भोंगा वाजला की त्याने वर यायचं, मग पट्टा फिरायचा. मी म्हणाले, दुसरा पीएलसी घेऊ. तू म्हणालास, "थांब की जरा." आणि तू दोन ओळी लिहिल्यास. पहिलीत बटण दाबलं की आकडा शून्यावर यायचा आणि बैलाच्या प्रत्येक चकरेला एकाने वाढत राहायचा. दुसरीत तो आकडा दीड हजारावर गेला की भोंगा बंद आणि मोटर फिरायला मोकळी. माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत मी "झाले पंधरा" म्हणायचे आणि तू आकडा कमी-जास्त करत बसायचास. जमलं. बरोबर पंधरा सेकंद.

मी तेव्हा टाळी वाजवली होती, हे मी कधी नाकारलं नाही. ती युक्ती सुंदर होती. माझ्या डोक्यात ती शंभर वर्षांत आली नसती. तुझ्याबरोबर काम करताना माणसाला आपण हुशार आहोत असं वाटायचं, कारण तू हुशारी वाटून घ्यायचास. मला काम करायला आवडतं ते तुझ्यामुळे. हे तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. बोलले असते तर तू महिनाभर त्याच्यावरून माझी टर उडवली असतीस.

पण पुढे चांगले पीएलसी आले, त्यांत हवे तितके टायमर आले, तरी तू त्या दोन ओळी सोडेनास. प्रत्येक नव्या प्रोग्रॅमच्या माथ्यावर त्याच दोन ओळी. कागदावर काहीही लिहायचं तर आपण आधी श्री लिहितो, तशा तू त्या टाकायचास, आणि मग कामाला लागायचास. वर तो पळणारा आकडा मिलच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवायचास. कुठल्या मिलमधून फोन आला की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "आकडा पळतोय का?" पळत असेल तर पीएलसी शाबूत, बिघाड बाहेर वायरीत कुठेतरी. नसेल तर गाडी काढायची. महानंदा लग्न होऊन तुमच्या घरी आली, तेव्हा नवरा जेवताना, अंगणात, मोटरसायकलवर सारखा "आकडा पळतोय का" विचारतोय हे ऐकून पोरीला वाटलं होतं की नवरा मटका लावतो. तिने रडत माहेरी फोन केला होता. तिचा भाऊ तुला समज द्यायला आला, आणि तू त्याला मिलमध्ये नेऊन आकडा दाखवलास. परवा तिच्याजवळ बसले होते तेव्हा हे आठवून आम्ही दोघी हसलो. मग ती जी रडायला लागली, तिला थांबवायला मला जमलं नाही.

मी नांदेडला माझं वर्कशॉप काढलं, तू लातूरला राहिलास, तरी मोठं काम आलं की जोडीनेच करायचो. भेटायचं तर लोह्याला. तुला तिथली भजी लागायची. त्या हॉटेलवाल्याला आपला वाद पाठ झाला असेल. मी म्हणायचे, "अरे, टायमर सेकंद मोजतो. तुझा काउंटर चकरा मोजतो. प्रोग्रॅम लांबला की बैलाची चक्कर लांबते, मग तुझे पंधरा सेकंद कुठे सोळा होतात, कुठे सतरा. हे काय मोजणं झालं?" तू भजं चटणीत बुडवत म्हणायचास, "दोन सेकंद जास्त मिळाले मान्साला, तर काय बिघडलं? जिता ऱ्हाईल की." मी म्हणायचे, "आणि उद्या बैलच बदलला, जोरात पळणारा आला, तर?" तू म्हणायचास, "तवा आकडा बदलीन. मी मेलोय का?"

हे असं तू बोलायचास. सहज. तोंडात भजं घेऊन.

त्या शेवटच्या आठवड्यातला तुझा फोन. चाकूरच्या पुढे, लातूर रस्त्याला लागून असलेली ती डाळमिल, तुझं लाडकं गिऱ्हाईक. तिथला जुना पीएलसी जळाला, तसला आता मिळत नाही, म्हणून तू नवा बसवून राहिला होतास. तुरीचा हंगाम तोंडावर, शेठजी डोक्यावर उभे. तुझा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मास्तरीणबाई, नवा बैल लई पळतोय. जुन्याच्या एका चकरेत याच्या धा चकरा होतेत." मी लगेच म्हणाले, "मग तुझे सगळे आकडे बदल. एकूण एक." तू म्हणालास, "बदलूनच राहिलो. एकेक ओळ बघून राहिलो. तू फोन ठेव, कामात हाय." मी फोन ठेवला. शेवटचं बोलणं हेच.

पुढचं मला गफारभाईंकडून कळलं. गफारभाई त्या मिलचे ऑपरेटर, तिथल्या तुझ्या पहिल्या पॅनलपासूनचे. ते तुला "इंजिनियरसाब" म्हणायचे आणि तू त्यांना "उस्ताद". दुपारची वेळ. एलेव्हेटरचा एक सेन्सर नीट दाखवत नव्हता म्हणून तू खड्ड्यात उतरलास. त्या मोटरचा स्विच खड्ड्याच्या तोंडाशीच भिंतीवर आहे. तो पाडून, मोटरची वीजच तोडून उतरायला हवं होतं. पण त्या मिलमध्ये तो स्विच कुणीच पाडत नाही, आणि याला कारण तू. तूच सगळ्यांना शिकवलं होतंस की भोंगा वाजला की पंधरा सेकंद आपले, निवांत वर या, आणि यायला जमत नसेल तर शेजारच्या पाइपावर पान्हा ठोका, वरचा माणूस बंद करेल. इतकी वर्षं हे चाललं. एकाचंही नख दुखावलं नाही. तुझ्या भोंग्यावर त्या लोकांचा जितका भरवसा होता तितका त्या स्विचवर नव्हता.

गफारभाई जेवून केबिनमध्ये आले. खाली कुणी दिसलं नाही. त्यांनी रोजच्यासारखं बटण दाबलं, आणि रोजच्यासारखा पान्ह्याचा आवाज येतो का म्हणून कान दिला.

आधी हात, मग खांदा. यापुढचं मी लिहिणार नाही. ते ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडे राहू दे.

आमच्यात बायका मातीला जात नाहीत. तुमच्यात जातात, म्हणून मला तुझ्या शेवटापर्यंत उभं राहता आलं. तुला तुमच्या शेतात समाधीत बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात बेलाच्या माळा, तुझं इष्टलिंग डाव्या तळहातावर, आणि उजव्या बाजूवरून शाल. ती शाल तिथे का आहे ते सगळ्यांना माहीत होतं. जंगम मंत्र म्हणत होते. जन्मात एका जागी पाच मिनिटं न बसलेला तू, मांडी घालून शांत बसला होतास, आणि लोक मूठ मूठ माती घालत होते. मीही घातली. तेवढ्यात माझं लक्ष शेताच्या बांधाकडे गेलं. तिथे गफारभाई एकटे उभे होते. त्यांना कुणी पुढे येऊ दिलं नव्हतं.

कारण तोवर सगळ्यांचं ठरून गेलं होतं. गफारने घाई केली. भोंगा पुरा न वाजू देताच मोटर चालू केली. शेठजींनी त्यांना कामावरून थांबवलं, ठाण्यात त्यांचंच नाव लिहिलं गेलं, तुझ्या चुलत्याने त्यांची कॉलर धरली. ज्या माणसाने तुझ्यासाठी दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा लातूरला पाठवला, तो माणूस, मी बांधाकडे गेले तेव्हा, माझ्यापुढे हात जोडून उभा होता. "ताई, खुदा कसम, म्या काय बी घाई केली न्हाई. बटन दाबलं. भोंगा वाजला न वाजला, थांबला. म्या पान्ह्याची वाट बघून राहिलतो. तवर पट्टा फिरला सुद्धा. माझं कुनी खरं मानंना."

मन्मथ, मी त्या क्षणी मानलं. भोंगा माणसाच्या हातात नसतो, प्रोग्रॅमच्या हातात असतो, हे त्या शेतात फक्त मला माहीत होतं. आणि तुला.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी मला पॅनल बघायला बोलावलं. तुझा लॅपटॉप तसाच होता, झाकणावर तू चिकटवलेल्या त्या बैलाच्या चित्रासकट. मी प्रोग्रॅम उघडला. तू एकेक ओळ बघत होतास, हे खरं होतं. पाण्याचा फवारा, तेलाचा पंप, रोलर, चाळणी, प्रत्येक ठिकाणचा आकडा तू दहापट केला होतास. प्रत्येकापुढे "नवीन" असं लिहिलं होतंस. इतकं नीटनेटकं काम मी तुझं कधी पाहिलं नव्हतं, बहुतेक माझ्या बोलण्यामुळेच केलं असशील. मग मी वर गेले. अगदी माथ्यावर. त्या दोन ओळी तशाच होत्या. दीड हजार. उदगीरचा, माझ्या घड्याळावर बसवलेला दीड हजार.

श्री लिहिल्यावर कुणी ते पुन्हा वाचत नाही. तू बाकी सगळं वाचलंस.

मोटरचा स्विच पाडून, त्याला कुलूप लावून, किल्ली हातात धरून मी बटण दाबलं. भोंग्याने जेमतेम दीड सेकंद हुंकार दिला आणि थांबला. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेठजी मागे उभे राहून विचारत होते, "काय निघालं, ताई? गफारचीच चूक ना?" मी म्हणाले, उद्या सांगते. बाहेर येऊन तुरीच्या पोत्यावर बसले. मला एवढा राग आला होता की रडता येईना.

त्या पोत्यावर बसून मी काय काय विचार केला ते तुला सांगते, तुझ्यापासून लपवून कुठे ठेवू? मला वाटलं, गप्प राहावं. आकडा बदलून टाकावा, कुणाला कळणार आहे? चाकूरपासून उदगीरपर्यंत लोक म्हणतात, मन्मथचं पॅनल म्हणजे बघायला नको. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझ्या पोराच्या हाताखालून गेलेली मिल कधी दगा देत नाही. त्या म्हाताऱ्याकडे आता एवढंच उरलंय. ते मी काढून घेऊ? तुझ्या माघारी, तुझीच भागीदार? आणि दुसऱ्या बाजूला गफारभाई, बांधावर उभे. त्यांचं नाव वाचवायचं तर तुझं घालवावं लागणार. मधली वाट मी शोधली. नव्हती.

तू मला या जागी आणून बसवलंस, याचा राग मला मरेपर्यंत राहील.

तुझ्या शिवगणाराधनेला, उत्तरकार्याच्या जेवणाच्या दिवशी, मी चाकूरला आले. ओसरीवर तीच जागा, अप्पा तिथेच बसलेले. भावकी जमलेली, पंगतीची तयारी चाललेली. मी गफारभाईंना बरोबर आणलं होतं, ते फाटकाबाहेर थांबले. मी महानंदाला अप्पांजवळ बसवलं आणि सांगितलं. फार सांगावं लागेल असं वाटलं होतं. पेटी, चकरा, सेकंद. मी दोन वाक्यं बोलले असेन, अप्पांनी हात वर करून थांबवलं.

"बैल बदलला," अप्पा म्हणाले, "अन् चकरा तितक्याच ठिवल्या. आसंच ना?"

मी म्हणाले, "हाव, अप्पा."

"समद्या?"

"नाही. सगळ्या बदलल्या होत्या. भोंग्याच्या तेवढ्या राहिल्या."

तुझा चुलता उठून उभा राहिला. म्हणाला, मेलेल्या मान्सावर ढकलायला लाज वाटत न्हाई का, धंद्यात बरोबरी करता येत नव्हती म्हणून आता नाव बुडवायला आली. आणखीही बोलला. मी ऐकून घेतलं. महानंदा मात्र उठली. तिला वाटेत कुणी अडवलं नाही. फाटकाशी गेली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गफारभाई, बाहिर कामून उभे? आत या. जेवाया बसा." ते आत आले, तिने स्वतः त्यांना वाढलं. ते ताटाकडे बघत बसले आणि त्यांच्या दाढीवरून पाणी गळत राहिलं. तुझी बायको कोण आहे हे तुला पुरतं कळलं होतं का रे? मला त्या दिवशी कळलं.

सगळे पांगल्यावर अप्पांनी मला जवळ बोलावलं. म्हाताऱ्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकावं लागलं.

"पोरी, एक विचारू? भोंगा असा मधीच थांबला, तवा... त्याला कळलं असंल का? आपलंच चुकलं म्हनून?"

मी म्हणाले, "नाही, अप्पा. तेवढा वेळच नव्हता." त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी खोटं बोलले. तुला कळलं असणार. जगात कुणालाही कळायच्या आधी तुला कळलं असणार. भोंगा तोंड उघडून मिटला, आणि पट्टा फिरायच्या आधीच्या त्या इवल्याशा वेळात तुझ्या डोक्यात दीड हजार आला असणार, आणि दीड हजारामागून मी आले असणार, भज्यांच्या टेबलापलीकडून बोट नाचवत. तुझ्या शेवटच्या क्षणात मी असेन तर ती अशी, बरोबर ठरलेली. हे मला सहन होत नाही, मन्मथ. कुणीतरी सांगावं की तुला काही कळलं नाही. मी अप्पांना सांगितलं, तसं. मलाही कुणी खोटं सांगावं.

ठाण्यात मी जबाब लिहून दिला. गफारभाईंवरचं बालंट जाईल असं म्हणतात. शेठजींनी त्यांना परत घेतलं. तुझी दोन गिऱ्हाइकं मला फोन करून म्हणाली, ते पॅनल काढूनच टाका, भीती वाटते. मी त्यांच्यावर ओरडले. मग माफी मागितली. मग गेले आणि कामाला लागले. सध्या मी हेच करतेय, मिलमागून मिल, उदगीर, चाकूर, लोहा. तुझा प्रोग्रॅम उघडायचा, माथ्यावरच्या दोन ओळी पुसायच्या, तिथे टायमर लावायचा. त्या ओळी पुसताना प्रत्येक वेळी ते यंत्र विचारतं, नक्की पुसायचं का? प्रत्येक वेळी मला हो म्हणावं लागतं. यात सवय होईल असं वाटलं होतं. होत नाही.

चाकूरची ती मिल मी शेवटी ठेवली होती; तोवर तिचा एलेव्हेटर बंदच ठेवायला लावला होता. काल गेले. ओळी पुसल्या, टायमर लावला. मग मोटरचा स्विच पाडला, कुलूप लावलं, किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि गफारभाईंना म्हणाले, मी खाली उतरते, तुम्ही बटण दाबा. ते मागे सरले. "न्हाई ताई. माझा हात उठत न्हाई." मी किल्ली दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली, परत दिली. तरी त्यांचा हात उठेना. मी म्हणाले, "उस्ताद, तुम्हीच दाबायचं आहे." तुझा शब्द ऐकून ते जिना चढून वर गेले.

मी खड्ड्यात उतरले. तू जिथे टेकून बसला असशील तिथे, तुझ्यासारखीच सेन्सरकडे तोंड करून. तिथे तुरीच्या भुशाचा वास येतो आणि वरचं काहीही दिसत नाही. मग भोंगा सुरू झाला. मी घाई केली नाही. हात काढला. गुडघ्यावर आले. शिडीला धरलं, एकेक पायरी चढले, मधे साडी अडकली ती सोडवली, वर आले. अंगावरचा भुसा झटकला. पान्हा उचलला आणि पाइपावर ठोकला.

भोंगा अजून वाजतच होता.